विमानवाल्याची मुलगी

ओझर, १७ जुलै २०००

अण्णा,

वर 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. आई गेली त्या दिवशी तुम्ही फोनवर "सुट्टी मिळत नाही गं" एवढंच म्हणालात आणि लाइन गेली. तुम्ही पुन्हा फोन लावला होतात असं बूथवाला सांगत होता. मी फोनवर आले नाही आणि यापुढेही येणार नाही. जे सांगायचं ते पत्राने सांगेन, तुम्हीही पत्रच लिहा.

तर सांगायचं असं, की तुम्ही पाठवलेल्या पैशांतून मी विमान दुरुस्तीच्या कोर्सला नाव घातलंय. तीन वर्षांचा आहे. मी बी.एस्सी. करून शाळेत लागावं अशी तुमची इच्छा होती, हे भिकनतात्यांनी सांगितलं. पण ज्या कामाने आपल्या घरची चूल पेटली ते मी का शिकू नये? ओझरच्या विमान कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तुम्ही मुंबईच्या खासगी कंपनीत गेलात तेव्हा पगार तिप्पट झाला होता. आईने त्या महिन्यात फ्रिज घेतला आणि त्यात ठेवायला काही नव्हतं म्हणून नुसतं पाणी ठेवलं. ती कंपनी पुढे बसली हे खरं, पण लगेच शारजाने बोलावलंच ना तुम्हाला. ज्याला विमान उघडता येतं त्याला कुठेही भाकरी मिळते, हे तुमचंच म्हणणं.

गावी देवळ्याला तर तात्या पारावर बसून येईल त्याला ऐकवतात, "आमना यादव नही ऱ्हायना ते शारजानं इमान उडाव नही." तुमच्या थोरल्या भावापुढे कोण बोलणार! मी गेले की बायका एकमेकींना सांगतात, ही विमानवाल्याची पोर. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

ओझरमध्येच गोजरामावशींच्या घराची मागची खोली भाड्याने घेतलीय. धावपट्टीवरून विमान उठलं की मावशींच्या फळीवरची भांडी वाजायला लागतात आणि मावशी विमानाला शिव्या घालतात. मी बाहेर पळते बघायला. त्यांना वाटतं मी अर्धवट आहे.

वर्गात आम्ही दोनच मुली. आमचे कोंडाजी सर हवाई दलातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याला हात लावायच्या आधी एक कापडी पिशवी फिरवली. अंगठी, घड्याळ, साखळी, बांगड्या, मनगटातला दोरा, सगळं त्यात. विमानाच्या पंखावरून खाली उडी मारताना एकाची अंगठी कडेला अडकली आणि तो खाली आला पण बोट वरच राहिलं, ही गोष्ट त्यांनी अशी रंगवली की एक जण उठून बाहेर जाऊन आला. मला ती नवी नव्हती. तुम्ही ड्युटीवर निघताना अंगठी काढून आईच्या हातात द्यायचात आणि ती दिवसभर आपल्या अंगठ्यात घालून वावरायची. कामावर असलेल्या मेकॅनिकच्या बोटात अंगठी नसते, हे मला अआइई यायच्या आधीपासून माहीत आहे.

मी आईच्या बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. तेव्हा रडू आलं. तुम्हाला कळेल म्हणून लिहिलं.

पल्लवी


ओझर, ९ डिसेंबर २०००

अण्णा,

फोटो मिळाला. केवढं विमान आहे हो! तुम्ही त्याच्या पोटाखाली उभे आहात आणि तुमच्यापेक्षा त्याचं चाक उंच दिसतंय. तात्यांनी दुसरी प्रत फ्रेम करून सप्तशृंगीच्या तसबिरीशेजारी लावली. अक्काबाई काकू रोज दोघांनाही हळदकुंकू लावते. तुमच्या कपाळावर काचेवरून एवढा मळवट झालाय की चेहरा दिसत नाही.

एक विचारू का? फोटोत तुमच्या बोटात अंगठी आहे. मनगटावर घड्याळही आहे. कोंडाजी सर असते तर त्यांनी तुम्हाला विमानापासून हाकलून दिलं असतं. सुट्टीच्या दिवशी काढलाय का फोटो? मग अंगावर कामाचे कपडे कसे?

आम्हाला सध्या तारेने बोल्ट बांधायला शिकवताहेत, म्हणजे हादऱ्याने तो ढिला होऊ नये म्हणून. तार उलटी पिळली गेली की सर काही न बोलता कात्रीने तोडून टाकतात. माझ्या बोटांना चिरा पडल्यात. तुम्ही दोन बोल्टांमध्ये तार किती ताणता? मला ते जमत नाहीये. पुढच्या पत्रात चित्र काढून पाठवा.

मला अजून राग आहे. पण हे विचारायला दुसरं कुणी नाही.

पल्लवी


ओझर, २८ नोव्हेंबर २००१

अण्णा,

अमेरिकेत ते झालं त्या दिवसापासून आमच्या संस्थेत सुतकी कळा आहे. मागच्या वर्षी पास झालेली मुलं मुंबईला लागणार होती, त्यांना 'तूर्तास थांबा' अशी पत्रं आली. एका मुलाचे तर पेढे वाटून झाले होते. कोंडाजी सर म्हणतात, या धंद्यात तेजी-मंदी कांद्यासारखीच, फक्त इथे चाळीत साठवून ठेवता येत नाही. ते असं बोलून हसतात आणि आम्हाला हसू येत नाही.

तुमचं दिवाळीचं पाकीट आलं. पैसे मिळाले. फोटोही मिळाला.

अण्णा, तारेचं चित्र तुम्ही पाठवलंच नाहीत. अंगठीचं विचारलं तेव्हा 'फोटोपुरती घातली' असं लिहिलंत. कोणत्या विमानावर काम करता, शिफ्ट संपली की हत्यारं कोण मोजून घेतं, हेही मी दोन-तीनदा विचारलं. तुम्ही तिथल्या उन्हाबद्दल आणि खजुराबद्दल लिहिता. मला शारजाच्या खजुराचा भाव पाठ झालाय.

या फोटोतही अंगठी आहे. मी गोजरामावशींचं भिंग घेऊन बघितलं. तुमचं बोट अंगठीच्या दोन्ही बाजूंनी फुगलंय, ती मांसात रुतलीय. अशी अंगठी फोटोपुरती घातलेली नसते. ती किती तरी वर्षांत निघालेलीच नाही.

तुम्ही तिथे काय काम करता? मला खरं लिहा. तुम्ही ताकास तूर लागू देऊ नये इतकी मी आता लहान नाही.

पल्लवी


ओझर, २ फेब्रुवारी २००२

अण्णा,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते कागद फाडले. त्यात नको ते लिहिलं गेलं होतं.

म्हणजे एजंटने मेकॅनिक म्हणून नेलं आणि तिथे उतरल्यावर तुमच्या मुंबईच्या कंपनीची कागदपत्रं मागितली. कंपनी बुडालेली, हँगरला सील, सही करणारे साहेब गायब. ओझरचा अनुभव लढाऊ विमानांचा, तो प्रवासी विमानाला चालत नाही म्हणे. वीस वर्षं विमानं उघडून जोडणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी कचऱ्याची पिशवी दिली. विमान उतरलं की आत शिरायचं, सीटांमधलं उष्टं-खरकटं काढायचं, संडास धुवायचे, आणि पुढचे प्रवासी चढायच्या आत बाहेर पडायचं. पहिल्या दिवसापासून हेच. आई गेली तेव्हाही हेच, आणि नव्या सफाईवाल्याला दोन वर्षं सुट्टी नसते.

मला लाज वाटली नाही, हे आधी सांगते. राग आला, आणि तो अजून आहे. तुमचं पत्र आलं की आई मला ते दोनदा वाचायला लावायची. 'आज चाक बदललं', 'आज इंजिनाचा पंखा तपासला.' ती मान डोलवायची जसं काही तिला सगळं कळतंय. शेजारणींना सांगायची. तिला तरी खरं सांगायचं होतंत! ती काय तुम्हाला टाकून बोलली असती? ती म्हणाली असती, या घरी, कांदे निंदू. म्हणूनच सांगितलं नाहीत का?

तुम्ही शपथ घालून लिहिलंय, 'तात्याला कळू देऊ नकोस. गावात काय म्हणून तोंड दाखवू?' ठीक आहे, नाही सांगणार. तुमची शपथ मोडणार नाही. पण तुम्हाला येऊ देत नाही ते पगार नाही आणि कंपनीही नाही, तो देवळ्याचा पार आहे, हे आता मला समजलं.

कोर्स सोडावा असं दोन दिवस वाटत होतं. पगाराकडे बघून आले होते ना मी, तुमच्या पगाराकडे. मग परवा माझी तार सरांनी तोडली नाही. बोटाने चाचपून पुढे गेले, बस एवढंच. मला इतका आनंद झाला की सांगायला कुणीतरी हवं होतं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "तार बांधली त्यात काय लय मोठं, मी रोज दोरीवर कपडे बांधते."

सोडत नाही.

पल्लवी


ओझर, १४ सप्टेंबर २००३

अण्णा,

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. तुमच्या पत्रांना दोन-दोन ओळींची उत्तरं दिली. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि खोटं लिहायचं नव्हतं.

कोर्स झाला. सरकारी परीक्षेचे पेपर सुटले, पहिल्याच फटक्यात. त्यानंतर ज्या ज्या कंपनीचा पत्ता मिळाला तिथे अर्ज टाकला. काहींनी उत्तर दिलं, अनुभव आणा. अनुभव विमानावर काम केल्याशिवाय मिळत नाही, आणि विमानाला हात लावू देत नाहीत. माझ्या वर्गातला एक जण नाशिकच्या सिडकोत मोबाइलच्या दुकानात लागला. दुसरा विमा विकतो. माझ्याकडेही आला होता, चहा पाजून परत पाठवला.

मी पिंपळगावला कामाला जाते. निसारभाईंचं दुकान आहे, द्राक्षबागेला औषध फवारतात ते ब्लोअर दुरुस्त करायचं. मोठा पंखा, पंप, नळ्या, सगळं तेच, फक्त ते उडत नाही. पहिल्या दिवशी मी बोल्टांना तार बांधली तर निसारभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं बेटी, हे काय जहाज हाय का? शेतकरी हाय, त्याला उद्या सकाळी पाहिजे." आता मात्र शेतकरी येऊन सांगतात, त्या पोरीकडूनच बांधून द्या, ढिला होत नाय. दुकानात गेल्यावर मी बांगड्या काढून खिशात ठेवते. निसारभाईंना ते कोडं आहे.

देवळ्यात मी सांगितलंय, मुंबईच्या कंपनीचं ट्रेनिंग नाशिकातच चाललंय. म्हणजे बघा, आता आपण दोघंही एकाच गावाला चुकवून बसलोय. एक समुद्रापलीकडे आणि एक दोन तासांच्या अंतरावर. तुम्ही पत्रातून चाकं बदलायचात, मी नुसत्या बोलण्यातून बदलायला शिकले.

संध्याकाळी खोलीत आल्यावर बोलायला कुणी नसतं. मावशी लवकर झोपतात. मी एकटीसाठी भाजी करते ती दुसऱ्या दिवशीही पुरते, म्हणून एक दिवसाआड स्वयंपाक. तुमचं कसं असतं? एका खोलीत आठ माणसं असं तुम्ही लिहिलं होतंत. आठ जणांत बोलायला कुणी आहे का?

एवढं मी आईलाही विचारलं नसतं. उत्तर द्या.

पल्लवी


ओझर, २१ मार्च २००५

अण्णा,

तुमची शपथ मोडली. का मोडली ते वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

गेल्या वर्षापासून नव्या विमान कंपन्या निघताहेत. स्वस्तातली तिकिटं, पेपरात रोज जाहिराती. त्याबरोबर आमच्यासारख्या संस्थाही जागोजागी उगवल्यात. हायवेला एवढाले बोर्ड लागलेत, टाय लावलेला मुलगा, मागे विमान, आणि खाली पगाराचा आकडा. तो आकडा मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला भिकनतात्या माझ्या खोलीवर आले. हातात त्यांच्या राजूची मार्कशीट. त्यालाही याच कोर्सला घालायचंय. फी आता आमच्या वेळेपेक्षा कितीतरी वाढलीय. म्हणाले, विहिरीजवळचा तुकडा विकायला काढलाय, गिऱ्हाईक रविवारी येतंय. मी म्हटलं, तात्या, विचार करा. तर तुमच्याकडे बोट दाखवलं त्यांनी, म्हणजे दिशेने, शारजाच्या. "यादवनं काय कमी करं? तुनं काय कमी जयं?" मी उठून स्टोव्ह पेटवला. ते चहा पिऊन गेले.

रविवारी मी देवळ्याला गेले. गिऱ्हाईक ओसरीवर बसलेलं, काकू चहा गाळत होती, राजू नवा शर्ट घालून उभा. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, नाहीतर धीर गेला असता. म्हटलं, तात्या, मी विमानावर काम करत नाही, पिंपळगावला ब्लोअर दुरुस्त करते. आणि अण्णाही विमान दुरुस्त करत नाहीत. ते विमान झाडतात. तिथे गेल्यापासून झाडतात.

गिऱ्हाईक गुपचूप उठून गेलं. तात्या उठून कांद्याच्या चाळीकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मला वाटलं, आता या घराचं दार मला बंद झालं. काकूने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग काय जयं? गोठा आपुन झाडतस नही का? मानूस जित्ता शे ना?" आणि मग तीच रडायला लागली.

तात्या आले. डोळे लाल होते. मला रागावले नाहीत, तुमच्यावरही नाहीत. एकच विचारलं, "तठे त्याले सयपाक कोन करी देस?" मी म्हटलं, स्वतः करतात. तर भाकरी त्याला कधी जमली नाही, असं काहीतरी पुटपुटले. दिवसभर तेच त्यांच्या डोक्यात होतं.

राजूने काय करावं असं मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं. काम सुंदर आहे, तेजी आता आलीय, पण ती राजू शिकून बाहेर पडेपर्यंत टिकेल की नाही ते कोंडाजी सरही सांगू शकत नाहीत. शिकायचं तर शिकू दे, पण त्यासाठी जमीन विकू नका. तुकडा राहिला. राजू माझ्याशी बोलत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. पारावर कुणीतरी हातात खराटा घेऊन विमान झाडायची नक्कल केली, लोक हसले. तात्या चार दिवस पाराकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी गेले आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. कुणी काही विचारलं नाही, असं काकू सांगत होती.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण लिहा.

पल्लवी


ओझर, १५ मे २००५

अण्णा,

तुमचं उत्तर नाही. दोन महिने होत आले. पोस्टमन दिसला की मावशीच आधी विचारतात, मी विचारायचं सोडलं. बूथवाला सांगत होता की परदेशातून फोन आला होता, नुसता श्वास ऐकू आला आणि कट झाला. तुम्हीच होतात ना? माझं नाव सांगितलं असतंत तर या वेळी मी फोनवर आले असते. आता बोलायची माझी तयारी आहे.

मला मुंबईहून बोलावणं आलंय. नव्या कंपनीचं हँगर, पहिलं वर्ष शिकाऊ. खरंखुरं प्रवासी विमान. पगार सांगितला तर तुम्ही हसाल, निसारभाई याहून जास्त देतात. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "जा बेटी, नाय जमलं तर इथला पाना तुझाच हाय," आणि दुसरीकडे बघायला लागले. हे काम किती दिवस टिकेल माहीत नाही. तुमच्या कंपनीसारखी हीपण बसू शकते. तरी मी जाते आहे, डोळे उघडे ठेवून. कुणाला काही सांगायचं झालं तर आहे तेच सांगेन.

तुम्ही तुमच्या पत्रात लिहिलं होतंत, 'गावात काय म्हणून तोंड दाखवू?' आता तो प्रश्न उरलेला नाही. तुम्ही काय करता ते देवळ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्यांना हसायचं होतं ते हसून झालेत. तात्यांनी चाळीशेजारची खोली सारवून घेतलीय, कशासाठी ते बोलत नाहीत. काकूने त्या खोलीत चूल मांडू दिली नाही, म्हणाली जेवायला आमच्यात.

अण्णा, तुम्हाला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला नाशिकच्या स्टँडवर मी आणि आई आलो होतो. गाडी वळेपर्यंत आई हात हलवत होती, तुम्ही उलट्या बाजूला बसला होतात, तुम्हाला दिसलं नसेल. आईला शेवटचं पोचवायला मी होते. आता जायची पाळी माझी आहे, आणि मला बसवून द्यायला माझं म्हणून कुणी नाही. मावशी येतील, पण त्या रडतील आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागेल.

जूनच्या पहिल्या सोमवारी नाशिकच्या स्टँडवरून सकाळच्या गाडीने निघतेय. पैसे पाठवू नका, फोटो पाठवू नका, या पत्राला उत्तरही पाठवू नका. मला गाडीत बसवून द्यायला या.

पल्लवी